तो ओटीपी मी तुला का दिला नाही

मालवण, २० जुलै

चि. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू घाईत होतीस. "शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे, सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या वेबसाइटचीच लिंक आहे, ओटीपी आला की सांगा," एवढं बोललीस आणि एसटी आली म्हणून फोन ठेवलास. ओटीपी आला. मी कळवला नाही. तू रागावलीस, आई म्हणाली, "चेडवाक उगीच ओरडू नकात." ओरडत नाही, म्हणून तर लिहितोय.

मी तो मेसेज शेवटपर्यंत वाचला, बाय. त्यात शिष्यवृत्तीचं नावसुद्धा नव्हतं. तो आकडा तुझ्या ईमेलचा पासवर्ड बदलण्यासाठीचा होता. फॉर्ममध्ये तू ईमेल भरलास, तिकडे कुणीतरी 'पासवर्ड विसरलो' दाबलं, आणि खात्याला माझा नंबर जोडलेला असल्याने आकडा माझ्याकडे आला. तो दिला असता तर ईमेल गेलंच असतं, आणि त्याच ईमेलवरून तुझ्या क्लासचं खातंही त्याला उघडता आलं असतं.

मग लिंक पाहिली. सुरुवातीला दीक्षा डॉट गव्ह डॉट इन आहे खरं, पण पुढे टिंब देऊन भलतंच नाव जोडलंय. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोड, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोध आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाच. खरा मालक तिथे असतो. दीक्षा असो की स्वयम् ही सरकारची ऑनलाइन कोर्सची वेबसाइट, तिथे गव्ह डॉट इनच हवं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी, होड्या वर ओढलेल्या होत्या तेव्हा, वीज तोडणार म्हणून मला फोन आला. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं एपीके, म्हणजे ॲपची फाईल, मी फोनमध्ये टाकलं, मेसेज वाचायची परवानगीही दिली. माझे ओटीपी तोच वाचत होता. नव्या जाळ्यासाठी ठेवलेले १८,००० रुपये गेले. लाजेपोटी दोन दिवस आईलाही बोललो नाही. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता तर पैसे पुढे वळते होण्याआधी कदाचित अडवता आले असते. माझे ते दोन दिवस गेले, ते अजून सलतं.

म्हणून तुझ्याकडून चूक झाली, कुणी फोटोवरून धमकावलं, काहीही झालं, तरी त्याच क्षणी मला फोन कर. रात्री दोनला कर. मी आधी विचारेन ते तू ठीक आहेस का एवढंच.

ईमेलचा पासवर्ड आजच बदल. क्लासला आणि इन्स्टाला तोच ठेवलायस, तेही वेगळे कर. पासवर्ड मैत्रिणीलाही सांगू नकोस, अगदी सख्खी असली तरी. तुझ्याबरोबर आणखी कुणी तो फॉर्म भरला असेल तर तिला हे पत्र दाखव.

खऱ्या शिष्यवृत्तीचं मी शनिवारी तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात येऊन विचारतो. आईने सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, तेही आणतो.

तुझे बाबा