ला राँजहून (उत्तर सस्कॅचवान, कॅनडा), आम्ही इथंच का राहतोय ते

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू परत तेच म्हणालीस, आता पुरे झालं, घर विका आणि कॅलगरीला माझ्याजवळ या. तुझी आई नुकतीच ड्युटीवरून आलेली, मला पण घाईत काही नीट बोलता आलं नाही, म्हणून हे लिहून पाठवतोय, सावकाश वाच. आम्ही येणार नाहीये. भेटायला येऊ, राहायला नाही.

तुझी भीती कळते गं. 2 जून 2025 ला जंगलातल्या आगीमुळे गाव रिकामं करायची ऑर्डर आली, ला राँज, शेजारचं एअर राँज आणि इथल्या मूळच्या क्री लोकांच्या बँडची, म्हणजे त्यांच्या जमातीची, वस्ती धरून सुमारे 7000 माणसं, आणि दक्षिणेला जायचा मेन रस्ता एकच, हायवे 2. तू तिकडे रात्रभर फोन हातात धरून बसलेलीस. 2015 च्या जुलैमधलं तर तुला आठवतच असेल, शाळेत होतीस, उत्तर सस्कॅचवानमधून 13000 च्या आसपास लोक बाहेर काढले होते तेव्हा. दहा वर्षांत दोनदा झालं, त्यामुळे परत होणार नाही असं मी तुला सांगणार नाही. होईल.

पण हे जंगलच मुळात आगीबरोबर वाढलेलं आहे. जॅक पाइनची बोंडं राळेनं घट्ट बंद असतात, वर्षानुवर्षं झाडावर तशीच, आग लागली की उष्णतेनं राळ वितळते आणि मग बी खाली पडतं. जळलेल्या जागी आधी फायरवीडची गुलाबी फुलं येतात, मग अ‍ॅस्पेनचे कोवळे फुटवे, ते खायला मूस, म्हणजे इकडची प्रचंड मोठी हरणं, येतात, आणि ब्लूबेरी तर अशा जागी इतकी येते की बायका बादल्या घेऊन जातात. काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, 2025 ला मे महिन्यातच एवढ्या आगी पेटल्या, आणि अशी वर्षं लागोपाठ आली तर झाडांना बी धरायलाच वेळ मिळायचा नाही. हे इथले म्हातारे लोक पण बोलतात, आणि त्यांचं मी फार मनावर घेतो.

आता आपल्या गावाच्या तळ्याचं, लाक ला राँजचं. नकाशात एक निळा ठिपका दिसतो तुला, पण आत 1300 च्या वर बेटं आहेत, आणि आगीच्या दिवसात विमानं ह्या पाण्यावरून घसरत जातात, काही सेकंदांत पाच हजारांहून जास्त लिटर उचलतात आणि सरळ धुराकडे वळतात. मी किनाऱ्यावर उभा राहून बघितलंय, अंगावर काटा येतो. त्या विमानांचा तळ आपल्याच गावात आहे, आणि आग विझवायला जाणारी बरीचशी पोरं इथलीच, तुझ्याबरोबर शाळेत असलेली. ती इथं उभी राहणार आणि आपण घर विकून निघायचं, हे मला जमत नाही.

आणि तुझ्या आईचं काम. उत्तरेकडच्या वस्त्यांतून लोक छोट्या विमानानं इथं येतात, बाळंतीण, म्हातारेकोतारे. नर्स मिळत नाही इकडे, मिळाली तर टिकत नाही. आईला क्री अजून मोडकंतोडकंच येतं, पण "तानिसी", म्हणजे कसे आहात, असं म्हणून तिनं हात धरला की म्हातारी माणसं मोकळी होतात. त्या आगीनंतर आम्ही घरी परत आलो तेव्हा घरभर धुराचा वास, फ्रीजमधलं सगळं टाकावं लागलं, आणि संध्याकाळी शेजारच्या आजीबाई स्वतः साफ केलेला व्हाइटफिश घेऊन दारात. असे शेजारी मला कॅलगरीत कुठून मिळणार?

तू ऑगस्टच्या शेवटी ये. तेव्हा वाइल्ड राइस तयार होतो, उथळ पाण्यात उभं पीक, एअरबोट, म्हणजे मागे पंखा असलेली होडी, त्यातून फिरवतात, पिकलेले दाणे पुढच्या ट्रेमध्ये पडतात आणि उरलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. गंमत म्हणजे तो इथं 1930 च्या दशकात मस्करॅटना, म्हणजे पाण्यातल्या उंदरासारख्या प्राण्यांना, खायला म्हणून आणून पेरला होता. आपल्या तांदळापेक्षा वेगळं गवत आहे ते, दाणा काळा लांब आणि शिजायला पाऊण तास, पण आई त्यात निम्मा साधा तांदूळ घालून मसालेभात करते, तुला आवडेल. हवा बरी असली तर स्टॅन्ली मिशनला पण जाऊ, चर्चिल नदीकाठी 1860 चं लाकडी चर्च आहे, आख्ख्या सस्कॅचवानमधली सगळ्यात जुनी इमारत, बोटीनं पलीकडे जावं लागतं.

गोडा मसाला संपत आलाय, जमलं तर आण. आणि प्रिन्स अल्बर्टला टाकी फुल कर, पुढे 240 किलोमीटर बहुतेक जंगलच आहे. दुपारीच निघ तिथून, अंधार पडायला लागला की मूस रस्त्यावर येतात आणि त्यांचे डोळे हेडलाइटच्या वर असतात, चमकत नाहीत, दिसेपर्यंत उशीर होतो. पोचायच्या आधी फोन कर.

तुझा,
बाबा