त्या राक्षसाबद्दल, आणि थोडं जिन्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की आई स्पीकर लावते, बाबा लांबून "काय म्हणतेय?" विचारतात आणि माझं मुद्द्याचं वाक्य तुम्हा दोघांच्या मधे कुठेतरी पडून राहतं. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आई, तू मधे बोलू नकोस.

आधी माफी. रविवारचा सिनेमा मी निवडला होता, तेव्हा पाप माझंच. आईला हसायला हवं आणि बाबांना राक्षस हवा, हे आपल्या घरातलं भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे. मला वाटलं, हॉरर-कॉमेडी म्हणजे दोघांचं एका तिकिटात भागेल. ट्रेलर बघून मी भुलले. आता कळतंय, त्या सिनेमात जेवढे विनोद होते तेवढे सगळे ट्रेलरमध्येच होते. दोन्हीकडची मंडळी खूश करायला गेलो की काय होतं, ते दादाच्या साखरपुड्याच्या हॉलवरून मी शिकायला हवं होतं.

घरी परत जाताना गाडीत तुम्ही दोघं म्हणालात, "बरा होता की." आई, तू 'बरा' म्हणताना खिडकीबाहेर बघत होतीस. तुझा हा 'बरा' मला माहीत आहे. मी चौथीत शिवलेल्या त्या उशीच्या अभ्र्यालाही तू असंच 'बरा' म्हणाली होतीस.

बरा कसला? पहिल्या दहा मिनिटांत राक्षस शेपटासकट दाखवून टाकला. मग उरलेला वेळ बघायचं काय? बाबा, 'जॉज'ची गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली आहे की ती मला स्वतःच्या आठवणीसारखी वाटते. १९७५ साल, समुद्रात चित्रीकरण, यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडतोय. मग दिग्दर्शक स्पीलबर्गने मासा लपवलाच. नुसती पिवळी पिंपं, ते दोन सुरांचं संगीत आणि पाण्याखालून दिसणारे पोहणाऱ्यांचे पाय. "यंत्र बिघडलं म्हणून सिनेमा सुधारला," असं तुम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचात. रविवारच्या राक्षसाचं कॉम्प्युटरवरचं यंत्र काही बिघडलं नाही, हेच दुर्दैव.

आणि वर तो राक्षस स्वतःच विनोद करत होता! नायकाला गिळायच्या आधी थांबून सेल्फीवर कोटी करतो म्हणजे काय? तुमचाच नियम आहे ना, की राक्षसाला आपण विनोदी सिनेमात आहोत हे कळता कामा नये? बेला लुगोसी या नटाचं उदाहरण तुम्ही द्यायचात. १९३१मध्ये ड्रॅक्युला केला तो भीतीचा, आणि १९४८मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबर केला तो विनोदी सिनेमात. पण दुसऱ्या खेपेलाही त्या माणसाने चेहऱ्यावरची घडी मोडू दिली नाही. घाबरून तारांबळ उडाली ती त्या दोघांची, म्हणून हसू आलं. 'ॲन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन' आपण पाहिला तेव्हाही हेच म्हणाला होतात. त्यात मेलेला मित्र दर भेटीला थोडा जास्त कुजून येतो आणि गप्पा मात्र अगदी नेहमीच्या मारतो. हसावं की तोंड फिरवावं कळत नाही, ती खरी गंमत. माणसाचा लांडगा होतो तेही अंधारात लपवाछपवी न करता, लख्ख उजेडातल्या खोलीत. तो मेकअप करणाऱ्या रिक बेकरला त्याबद्दल ऑस्कर मिळालं, मेकअपचं ते नियमित सुरू झाल्यावरचं पहिलंच. (आई, तू तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली होतीस. मला आठवतंय.)

खरं सांगू का? मला रविवारी सारखा आपल्या भिंतीवरचा राक्षस आठवत होता. वीज गेली की बाबा, तुम्ही मेणबत्ती जमिनीवर ठेवायचात आणि आम्हाला पलंगावर बसवायचात. आधी काहीच नसायचं. मग कपाटाच्या कडेवरून एक बोट यायचं. एकच. मग दुसरं. हात ज्योतीच्या जवळ नेला की पंजा वाढत वाढत छताला टेकायचा, आणि दादा माझ्या दंडाला इतका घट्ट धरायचा की वळ उठायचे. सगळं शांत. आणि मग तो राक्षस शिंकायचा. एवढ्या मोठ्या पंजाचा, आणि शिंक मांजराच्या पिल्लाएवढी! वर अगदी नम्र आवाजात विचारायचा, "रुमाल आहे का हो कुणाकडे?" आई दारात उभी राहून, पदर तोंडाला लावून हसायची. पूर्ण राक्षस मी एकदाही पाहिला नाही. त्याला तोंड होतं की नाही, मला अजून माहीत नाही. आणि त्याला सर्दीचं खरंच दुःख होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

एक मेणबत्ती आणि दहा बोटं. रविवारी शेवटची नावांची पाटी किती मिनिटं चालली ते तुम्ही पाहिलंतच.

आता आवाजाबद्दल. आई, तू काही म्हणाली नाहीस, पण सोमवारी फोनवर मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लावलंस आणि वर म्हणालीस, "लाइनीत खरखर आहे." लाइन ठणठणीत होती गं. त्या सिनेमावाल्यांना भीती घालता येत नव्हती म्हणून त्यांनी दचकवायचं काम काढलं होतं. शांतता, शांतता, आणि कानाशी दणका. सातव्या दणक्यानंतर मी मोजायचं सोडलं. दचकणं हे काही घाबरणं नव्हे. ते आपल्या हातात नसतं, ढेकळालाही दचकवता येईल. 'कॅट पीपल' नावाचा १९४२चा सिनेमा आहे, त्यात एक बाई रात्री एकटी चालतेय, मागे पावलं वाजतायत, मग पावलं थांबतात, आणि फिस्सकन श्वापदासारखा आवाज करत समोर येते ती बस. नुसती बस! पण त्या एका दचकण्यासाठी आधी किती वेळ ताणून धरलंय. इथे दर दहा मिनिटांनी बस, आणि रस्त्यावर कुणी चालतच नाही.

तर आई, कानात अजून गुणगुण असेल तर सरळ सांग. मोठ्या आवाजानंतर अशी गुणगुण बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. गेली नसेल तर आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. 'वयाने होतं' असं म्हणून बसायचं नाही. आणि तू कानात कापसाचे बोळे घातले होतेस ना, त्याने फारसं काही अडत नाही. मी फोमचे घेऊन ठेवलेत.

बाबा, इथवर वाचलंत ना? पाणी प्या. पुढचं तुम्हाला आवडायचं नाही.

मी एवढा वेळ सिनेमाला नावं ठेवतेय, त्यात सिनेमाचा दोष आहेच. पण मला झोप लागत नाहीये ती राक्षसामुळे नाही. मध्यंतरानंतर तुम्ही एकटे परत आलात तेव्हा दिवे गेले होते. मी आईच्या पर्समध्ये चष्मा शोधत होते. वर पाहिलं तेव्हा तुम्ही जिन्यावर उभे होतात. डावा हात भिंतीवर सपाट टेकलेला, उजवा पाय पुढच्या पायरीवर ठेवून परत मागे घेतलेला. पडद्यावर उजेड आला की तुम्ही एक पायरी चढायचात, अंधार झाला की थांबायचात. राक्षस तिकडे बोंबलत होता आणि तुम्ही त्याच्या उजेडाची वाट बघत होतात. मला पाच सेकंद उठताच आलं नाही. मग मी आले, तर तुम्ही म्हणालात, "अगं, मी मुद्दाम थांबलोय, इथून चांगलं दिसतं."

बाबा, हा नुसता वयाचा प्रश्न नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला तरण्या माणसालाही वीस-तीस मिनिटं लागतात. मीसुद्धा परवा तिथे ठेचकाळले. (हे खरं आहे, विचारा आईला.) पण ठेचकाळून मी नुसती 'आई गं' म्हणेन. तुमचं तसं नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि नानांच्या वेळचं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी एक ठरवलंय. ठरवलंय म्हणजे केलंय. गुरुवारी घरी एक मोठी पेटी येईल, तिच्यात टीव्ही आहे. परत पाठवायचा नाही. पैसे देऊन झालेत, आणि किती दिले ते विचारायचं नाही. माझ्याकडे जास्त झालेत म्हणून नाही घेतला, आणि तुम्हाला थिएटरमध्ये न्यायचा कंटाळा आला म्हणून तर मुळीच नाही. तुमची बाजूची खुर्ची हातांची आहे, तिथे पाय वर घेऊन बसता येतं. मधेच उठायचं झालं तर सिनेमा थांबतो, तुमची वाट बघतो. खाली अक्षरं येतात, त्यामुळे कोण काय पुटपुटलं हे आईला विचारायला नको. आवाज आईच्या हातात राहील. बाबा, हे शेवटचं तुम्हाला खटकेल, पण राहू दे.

आई, भिंतीवरचं घड्याळ हलणार नाही. मी लावायला येणाऱ्या माणसाला मोजमापं देऊन विचारलंय. आजीचा फोटोही तिथेच राहील.

थिएटर बंद, असं मी म्हणत नाहीये. उगाच तोंड पाडू नका. जायचं, पण दुपारच्या खेळाला. मागच्या दाराजवळच्या रांगेत, कडेच्या खुर्च्या. दिवे असताना आत, दिवे लागल्यावर बाहेर, मग सगळं थिएटर आपल्याला ओलांडून का जाईना. मध्यंतरात उठायचं असेल तर मला हाक मारायची. मला न सांगता जायचं नाही, तुम्ही मला जत्रेत सांगायचात अगदी तसंच. रक्तदाबाची गोळी निघायच्या आधी, "आल्यावर घेतो" नाही. आणि सिनेमा आधी मी बघून येईन. राक्षस शेपटासकट दिसला तर रद्द.

एक कबूल करते. नायकाच्या मागे तो राक्षस उभा होता आणि तुम्ही भर थिएटरात ओरडलात, "अरे गाढवा, मागे बघ की!" तेव्हा पुढच्या तीन रांगा हसल्या. पूर्ण सिनेमात लोक मनापासून हसले ते तेवढंच. मी लाजून खाली बघितलं. चुकलं माझं. आईने तुमच्या गुडघ्यावर चापट मारली आणि हात मग तिथेच ठेवला, तेही मी पाहिलंय.

शनिवारी मी येते, राहायलाच. टीव्ही कसा लावायचा ते दाखवते, आणि पहिला सिनेमा आईच्या पसंतीचा. नंतर दहा मिनिटं सगळे दिवे घालवू, मी बाबांच्या शेजारीच बसेन, कुणी उठायचं नाही. मेणबत्ती मी आणते. त्या शिंकणाऱ्याची सर्दी गेली का, हे मला विचारायचंय.

तुमची,
चिमणी

ता. क. आई, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी चढवू नकोस. बटणं दबत नाहीत.