बेळगावचे माप जतलाही लावा

महोदय,

1 नोव्हेंबर जवळ आला की बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ तिथले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या बातम्या येतात. त्या मी आवर्जून वाचतो. तिथल्या मराठी माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळत नाही, याची मलाही चीड येते. पण ती बोलून दाखवताना थोडी पंचाईत होते, कारण आमच्या घरात कन्नड बोलतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातला. चौथीपर्यंत कन्नड शाळा, पुढचे सगळे मराठीत. हे पत्र माझे मीच लिहिले आहे. हेही सांगावे लागते, त्यातच काय ते आले. नोकरीच्या गावी खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आधी आडनाव विचारले, मग गाव, आणि मग, "म्हणजे तुम्ही मूळचे तिकडचे?" तिकडचे म्हणजे कुठले? पणजोबांनी खोदलेली विहीर जतमध्येच आहे. बहिणीकडे विजापूरला गेलो की तिथला रिक्षावाला माझ्या कन्नडमधले मराठी शब्द हेरतो आणि विचारतो, "महाराष्ट्रदवरा?" दोन्हीकडे पाहुणाच.

2022 च्या अखेरीस कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या 40 गावांवर दावा सांगण्याचा विषय काढला, तेव्हा ओळखीच्यांचे फोन आले, "काय, चाललात का कर्नाटकात?" गावांनी पूर्वी तशी भाषा केली होती, हे खरे. पण दुखणे पाण्याचे होते. म्हैसाळ सिंचन योजनेचे पाणी आमच्यापर्यंत पोचत नव्हते. मराठी बोलणाऱ्या गावाने असा इशारा दिला असता तर त्याला आंदोलन म्हटले असते. आम्ही फितूर ठरलो.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचे कलम 350 अ सांगते. बेळगावच्या मराठी मुलासाठी आपण त्याचा दाखला देतो, तो योग्यच आहे. पण 2024 मध्ये जतच्या कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली, तेव्हा इकडे फारशी कुणी दखल घेतली नाही. पहिलीतल्या पोराला वजाबाकी समजावणाऱ्याला पोराची भाषा यायला नको?

फेब्रुवारी 2025 मध्ये मराठीत उत्तर दिले नाही म्हणून बेळगावजवळ बसवाहकाला मारल्याचे प्रकरण गाजले. लगोलग चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले. मग बसच थांबल्या. अशा वेळी घोषणा देणारे आपापल्या घरी असतात. फाट्यावर पिशवी घेऊन उभी राहतात ती दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे. त्यांना कोणत्या भाषेतला अभिमान बाळगायचा हे कुणी विचारत नाही.

बेळगावसह सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागो. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले आहे. आपल्या शासनाने जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात ते आधी करून दाखवावे. मग बेळगावसाठी मागताना आवाज चढवायला मीही येतो.

आपण बेळगावला बातमीदार पाठवता, तसा एकदा आमच्या जतमधल्या उमदी-संखकडेही पाठवा. चहा आमच्याकडे. बोलू मराठीतच.

— एक वाचक, ता. जत, जि. सांगली