बाटली तळहातात धरून उभे राहिलात, त्याबद्दल

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आम्ही चौघं तुमच्या बिअरच्या काउंटरवर आलो होतो, आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ, आणि बाबांचा चेहरा बघूनच कळत होतं की त्यांना तिथे यायचं नव्हतं.

हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं. आज लिहितेय कारण परवा रात्री जेवताना बाबांनी धाकट्याच्या ग्लासाकडे बघून "मला पण थोडी ओत रे" असं म्हटलं आणि मला तिथेच भरून आलं, उठून आत गेले. घरात कुणाला कळलं नाही मला काय झालं ते. तुम्हाला कळेल म्हणून सांगते.

आमचं घर वाइनवालं. बाबा आणि आई लग्नाच्या आधीपासून वाइन पितात, रविवारी दुपारी एक बाटली उघडायची, सगळ्यांनी आधी नुसता वास घ्यायचा, मग प्रत्येकाने काय जाणवलं ते सांगायचं, बाबांनी शेवटी बोलायचं. आम्ही दोघं मोठे झालो तसे आम्हालाही त्यात घेतलं. फक्त धाकट्याला वाइन कधी रुचलीच नाही. त्याला बिअर आवडायची, साधी, पिवळी, स्वच्छ लागर. बाबा त्याला म्हणायचे पाणी पितोस तू. वाईट हेतूने नाही म्हणायचे पण दर रविवारी म्हणायचे, आणि दर रविवारी तेच ऐकलं की माणूस टेबलावरून उठतो. तो उठला. दोन-तीन वर्षं तो रविवारी दुपारी घरात असूनही आमच्यात बसायचा नाही.

आई म्हणाली आपणच शिकू बिअर, त्याला काय एवढं. म्हणून आम्ही तुमच्याकडे यायच्या आधी चार ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी बर्फाने पांढरा झालेला मग समोर आदळला, इतका गार की ओठ चिकटतील, त्यात वास कुठून येणार, थंडीत वास वर उठतच नाही, आणि बाबांनी निष्कर्ष काढला की बिअरला वासच नसतो. दुसरीकडे बाबांनी सवयीने ग्लास फिरवून नाक लावलं तर समोरचा मुलगा हसला, "काका, ही वाइन नाही". तिसरीकडे आईला न विचारताच काहीतरी गोड फळांचं दिलं, बायकांना हेच आवडतं म्हणे. माझ्या आईला, जी ड्राय रिसलिंगशिवाय, म्हणजे गोडवा नसलेल्या पांढऱ्या वाइनशिवाय, दुसऱ्या कशाला हात लावत नाही! चौथ्या ठिकाणी त्यांच्याकडची सगळ्यात कडू आयपीए, हा बिअरचा प्रकार मुळातच कडू, ती दिली, जणू परीक्षाच होती, नापास झालात तर तुमचं तुम्ही बघा. मला अजून राग येतो त्या चौघांचा. बिअर चुकीची दिली म्हणून नाही, साठी ओलांडलेला माणूस काहीतरी नवीन शिकायला आला होता आणि एकालाही ते दिसलं नाही म्हणून.

तुम्ही आधी काहीच ओतलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "वाइनमध्ये काय आवडतं तुम्हाला?" प्रत्येकाला वेगळं विचारलंत. बाबा म्हणाले जुनी रेड, लाकडाच्या पिंपात मुरलेली. तुम्ही मान हलवलीत आणि बेल्जियममधल्या फ्लँडर्सची लाल, आंबटसर बिअर काढलीत, ती मोठमोठ्या ओकच्या पिंपांत वर्ष-दोन वर्षं मुरवतात आणि मग जुनी-नवी मिसळतात हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. नंतर बिअरचा मग बाजूला सारलात आणि वाइनचा ग्लास ठेवलात. बाटली फ्रीजमधून आली होती. ती तुम्ही उघडली नाहीत. दोन्ही तळहातांत धरून तसेच उभे राहिलात, म्हणालात, "जरा थांबू या, इतकी गार असली तर काही कळणार नाही तुम्हाला."

पाच मिनिटं असतील, दहा असतील. तुमच्याकडे दुसरी गिऱ्हाइकं होती, त्यांना तुम्ही नजरेने थांबवत होतात. तुमचे हात ओले झाले होते, बाटलीवरचं पाणी मनगटापर्यंत ओघळत होतं. तेवढ्या वेळात तुम्ही भाषण दिलं नाहीत, बाबांना आवडलेली शेवटची बाटली कोणती हे विचारलंत आणि ऐकत राहिलात. मग ओतलीत. बाबांनी ग्लास फिरवला, तुमच्याकडे एकदा चोरून बघितलं, आणि तुम्ही हसला नाहीत. तुम्ही स्वतःचाही ग्लास फिरवलात.

दादा, मला एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळं त्यानंतरचं आहे.

पण बाकीचंही सांगते, कारण तुम्हाला आवडेल ऐकायला. बाबा म्हणाले "चेरी. आणि जरासं व्हिनेगर, पण चांगलं." आईला तुम्ही ग्योझ ही बेल्जियमची आंबट बिअर दिलीत आणि ती शॅम्पेनसारखी फसफसली तेव्हा आई लहान मुलीसारखी खूश झाली. तीसुद्धा बाटलीतच दुसऱ्यांदा फर्मेंट होते आणि तिच्यात एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक, म्हणजे पिंपात मुरलेली मूळ आंबट बिअर, मिसळलेली असते, हे ऐकून तर ती म्हणाली म्हणजे ही आमच्यातलीच की. ब्रसेल्सच्या आसपास उघड्या हवेतल्या यीस्टवर ती आंबवतात हे तिला इतकं आवडलंय की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. मला सॉव्हिन्यॉ ब्लाँ, त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, आवडते म्हटल्यावर तुम्ही न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिन हॉप्सची, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांची, बिअर दिलीत, हॉपचं नाव त्या द्राक्षावरून ठेवलंय आणि वास खरंच तसाच, मी डोळे मिटून हुंगत बसले होते. कडूपणाबद्दलही तेव्हाच कळलं. वाइन चाखताना थुंकायची सवय असते ना आम्हाला, तुम्ही म्हणालात बिअर गिळा, तिचा कडूपणा गिळल्यावर जो उरतो त्यात अर्धी गंमत आहे.

तिथून पुढे सगळं हळूहळू झालं, एका रात्रीत कुणी बदललं नाही. पहिले सहा महिने आम्ही आंबट बिअरच्या पुढे गेलोच नाही, तिथे आम्हाला घरच्यासारखं वाटायचं. मग गव्हाची बिअर आली, तो केळ्याचा आणि लवंगेचा वास नुसत्या यीस्टमधून येतो यावर बाबांचा विश्वास बसेना, त्यांनी बाटली उलटीपालटी करून लिहिलेलं सगळं वाचलं. मग दक्षिण बेल्जियममधल्या वॉलोनियाची सेझों नावाची बिअर, कोरडी, मिरीसारखी, ती आता आईची रविवारची आहे. थंडीत एकदा बार्ली वाइन उघडली, आहे ती कडक बिअरच, पण नावातच वाइन म्हणून बाबांनी स्वतःहून आणली, आणि पोर्ट या गोड, कडक वाइनसारखी चमचा-चमचा प्यायले. मध्येच कधीतरी बाबा लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाबद्दल वाचायला लागले, त्याने आधी वाइनवर लिहिलं १८६६ मध्ये आणि मग बिअरवर १८७६ मध्ये. बाबा म्हणाले त्यालाही दहा वर्षं लागली, मला दोन लागली तर काय बिघडलं.

आणि सगळ्यात शेवटी आली पिल्सनर, धाकट्याची ती सोनेरी लागर. जिला बाबा पाणी म्हणायचे तीच. तिच्यात ना लाकूड, ना फळं, ना आंबटपणा, कुठे काही चुकलं तर लपवायला जागाच नाही, गारव्यात कित्येक आठवडे शांतपणे मुरत ठेवावी लागते. हे सगळं धाकट्याने समजावलं, तुम्ही नाही. १८४२ मध्ये आताच्या चेक देशातल्या पिल्झेनला पहिल्यांदा अशी सोनेरी बिअर झाली तिथपासून त्याने सुरुवात केली, आणि बाबा गप्प बसून ऐकत होते. माझ्या भावाला एवढं येतं हे मला तरी कुठे माहीत होतं. आम्ही विचारलंच नव्हतं कधी त्याला. तुम्ही आम्हाला विचारलंत तसं.

तुमचा स्वभावच असा असणार, त्या दिवशी आमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तुम्ही तेच केलं असतंत. मला ते जास्त आवडतं. समोरच्याला जे येतं तिथून सुरुवात करायची, त्याच्या सवयीला हसायचं नाही, आणि आपल्या हाताला गार लागलं तरी थांबायचं. इतकं साधं आहे आणि चार ठिकाणी मिळालं नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

वाइन सुटलेली नाही बरं का, अर्ध्या रविवारी अजून तीच असते. धाकटा आता त्यातलाही एक घोट घेतो, आवडत नाही तर नाही म्हणतो, आणि बसून राहतो. आयपीए मात्र आईला अजून जमत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं पुन्हा येतोय, ती म्हणाली दादांना सांग, मला एकदा कडूच द्या, पण तुमच्या हातून, आणि आधी थोडी कोमट करून.