टेम्पो ओढला भाच्याचा, टाच आली माझ्या पगारावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन चालवतो, सतरा वर्षं झाली. पेपरला पत्र बित्र कधी लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. नाव छापू नका ही विनंती, कारण कंपनीत आधीच सगळ्यांना कळलंय आणि आता गल्लीत कळायचं तेवढं बाकी आहे.

झालं असं की २०२१ ला भाच्याने छोटा हत्ती घेतला. लोन ४,२०,००० चं, फायनान्स कंपनीचं, आणि जामीनदार म्हणून सही माझी. बहिणीचा मुलगा, नाही कसं म्हणणार. पोराने टेम्पोच्या मागे मोठ्या अक्षरात 'मामाची कृपा' लिहून घेतलं होतं, तेव्हा छाती फुगली होती, आता आठवलं की हसू पण येतं आणि डोकं पण फिरतं. सीझनला द्राक्षाचे क्रेट, मग कांदा, पिंपळगाव आणि लासलगावच्या फेऱ्या, दोन वर्षं हप्ते बरोबर गेले. मग २०२३ च्या पावसाळ्यात त्याचा पाय मोडला, घरी बसला, तीन हप्ते थकले. चौथ्या महिन्यात पहाटे सहाला पाथर्डी फाट्यावर चार पोरं आली, ड्रायव्हरकडून चावी घेतली आणि गाडी ओढून नेली. ओढून नेली असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती चालवत नेली, स्टार्टर मारून, ड्रायव्हरला रस्त्यावर उतरवून. हे एवढ्यासाठी सांगतोय की नंतर जो हिशोब आला त्यात पहिलीच ओळ होती टोइंग चार्ज ६,५००.

त्या हिशोबाचा कागद माझ्यासमोर आहे. टोइंग ६,५००. सीझिंग, म्हणजे गाडी ताब्यात घेण्याचा चार्ज १२,०००. यार्ड भाडं ९४ दिवस, दिवसाला २०० प्रमाणे १८,८००, त्यावर जीएसटी १८ टक्के म्हणजे ३,३८४. म्हणजे गाडी नुसती चिखलात उभी राहण्याचे २२,१८४ रुपये झाले. आणि ९४ दिवस का, तर भाचा कुबडी घेऊन दोनदा ब्रँचला गेला, दोन हप्ते आता घ्या बाकीचे दिवाळीपर्यंत देतो म्हणाला, तर त्यांनी सांगितलं की आता हप्ते नाही, पूर्ण अकाउंट बंद करा. पैसे घ्यायचे नाहीत आणि भाडं मात्र रोज चढवायचं. मी स्वतः एकदा यार्डात गेलो होतो. शहराबाहेर पत्रे मारलेली मोकळी जागा, आत ट्रॅक्टर, रिक्षा, बुलेट, सगळं गुडघाभर गवतात. आमच्या टेम्पोची बॅटरी गायब, आणि मागचे दोन टायर जे दिवाळीच्या आधी नवे टाकले होते ते बदलून गुळगुळीत लावलेले. वॉचमनला विचारलं तर म्हणे, मामा, आमच्याकडे आली तेव्हाच अशी होती. गाडी आत घेताना काय काय होतं याची यादी करून सही घेतात म्हणे, आम्हाला ती आजपर्यंत कोणी दाखवली नाही. शेवटी लिलाव झाला १,६५,००० ला, कोणी घेतला, किती जण बोली लावायला होते, देव जाणे.

मग लवाद. लोनच्या कागदात बारीक अक्षरात होतं की भांडण झालं तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा माणूस नेमायचा आणि सुनावणी चेन्नईला. आम्ही नाशिकचे, गाडी नाशिकची, ब्रँच नाशिकची. पाकीट आलं ते इंग्रजीत, बायकोने देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, मी सेकंड शिफ्टला, राहिलं ते राहिलं. ही माझी चूक, मान्य. दुसरं पाकीट आलं ते थेट निवाड्याचं. निवाडा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात आव्हान द्यायचं असतं, फार तर वरचे तीस दिवस मिळतात, हे मला कळलं तेव्हा सात महिने झाले होते. आणि लवादाचा निवाडा हा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे निकालासारखाच वसूल करता येतो, चेन्नईचा असला तरी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, सरळ नाशिकच्या कोर्टात लावता येते. तशी त्यांनी लावली. दोघांवर. पण भाच्याच्या नावावर ना घर ना पगार, तो आता मार्केट यार्डात हमाली करतो. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, त्यामुळे पगार पत्रक ज्याचं आहे त्याच्याकडे सगळे वळले.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

कोर्टाची नोटीस यायच्या आधीच फायनान्सवाल्यांच्या वकिलाचं एक पत्र आमच्या एचआरला आलं, लाल शिक्का बिक्का मारून. एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले पुढच्या महिन्यापासून निम्मा पगार कापावा लागेल, वरून ऑर्डर आहे. मी घाबरून हो म्हणून आलो. पगार माझा २५,००० आहे, त्यातले साडेबारा गेले तर घरभाडं आणि पोरीच्या क्लासची फी एवढंच होतं, खायचं काय. रात्री झोप नाही. बरं सांगणार कोणाला, पैशाची गोष्ट आणि त्यात कंपनीत कागद आलेला, लाजच वाटते. शेवटी लाइनवरच्या एका मित्राने सांगितलं की आधी कोर्टात विधी सेवा प्राधिकरणात जा, जुन्या सीबीएसजवळ, फुकट वकील देतात. मला वाटलं फुकटचा वकील म्हणजे काय करणार. पण गेलो, आणि तिथे जे कळलं ते मी सतरा वर्षात कोणाकडून ऐकलं नव्हतं.

एक तर नुसत्या वकिलाच्या पत्रावर कंपनी एक रुपया कापू शकत नाही. कोर्टाचा टाच आदेश, म्हणजे पगार जप्तीचा हुकूम लागतो. दुसरं, आदेश आला तरी निम्मा पगार वगैरे काही नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे, त्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश हिस्सा याला हातच लावता येत नाही, फक्त पोटगीची वसुली असेल तर वेगळं गणित. म्हणजे माझ्या २५,००० मधून १,००० गेले, राहिले २४,०००, त्याचा एक तृतीयांश ८,०००. यापेक्षा जास्त नाही. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी अशी टाच एकूण चोवीस महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची संपते, बाकी राहिली तरी परत पगाराकडे येता येत नाही. पीएफला तर टाच लागतच नाही.

आणि याच्याही पुढची गोष्ट. त्याच कलमात मजुरांची मजुरी पूर्णच्या पूर्ण वगळलेली आहे आणि मजूर म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळे, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. मी दिवसभर मशीनसमोर उभा असतो, जॉब लावतो, टूल बदलतो, कूलंटने हात सोललेले आहेत. पण दोन वर्षांपूर्वी कंपनीने आमची पदं बदलून 'सीनिअर असोसिएट' असं छान नाव दिलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता समोरचा वकील म्हणतो हा मजूर नाही, स्टाफ आहे, पगारच आहे हा. आमचे वकीलसाहेब म्हणतात आयकार्डावर काय लिहिलंय ते नाही, हात काय करतात ते बघा. त्यावर पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्या असोसिएट शब्दाने मला पगारवाढ काही दिली नाही, उलट महिन्याला ८,००० ला पडायची वेळ आणली. अंबड सातपूरमधल्या किती जणांच्या कार्डावर असली नावं असतील बघा.

लोनच्या कागदावर अजून एक वाक्य होतं की मी पगाराबाबतची सगळी कायदेशीर सवलत सोडून देतो. त्याखाली पण माझी सही. वकीलसाहेब हसले, म्हणाले असली कबुली कायद्यानेच रद्दबातल आहे, कलम ६० मध्येच तसं म्हटलंय. एवढं ऐकलं आणि कित्येक दिवसांनी बरं वाटलं, कोर्टाबाहेर कटिंग घेतला दोघांनी.

पैसे बुडवायचे असा माझा हेतू नाही. भाच्याने घेतले, मी जामीन राहिलो, मुद्दल आणि रीतसर व्याज द्यायचं ते देऊ. पण न केलेल्या टोइंगचे ६,५०० मी का द्यायचे? शहरात नो पार्किंगमध्ये गाडी उचलली तर त्यासाठी वर्दीतला पोलीस लागतो, कायद्याने खर्च मालकावर असतो, ते एकवेळ समजतं. इथे खासगी पोरं, खासगी यार्ड, दर त्यांचा, दिवस त्यांनी वाढवलेले, आणि त्याची वसुली माझ्या पगारातून. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की गाडी ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, विक्री कशी करणार, हे सगळं करारात लिहिलेलं पाहिजे. मग यार्डाचा दर आणि जास्तीत जास्त किती दिवस तो लावणार हेही करारात मोठ्या अक्षरात, मराठीत का नको? आणि कर्जदार हप्ता घेऊन दारात उभा असेल तर त्या दिवसापासून भाडं थांबलं पाहिजे. जिल्हा प्रशासनाने आणि पोलिसांनी निदान या यार्डांना गाडी आत घेतानाची यादी आणि दरपत्रक गेटवर लावायला सांगावं, एवढं तरी करता येईल.

ज्यांच्या गाड्या आत्ता ओढल्या जातायत त्यांना माझ्या अनुभवावरून सांगतो, पाकीट आलं की उघडा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, १४४४८ वर चौकशी होते. पण प्रकरण लवादाकडे किंवा कोर्टात गेलं की लोकपाल ते घेत नाही, मी तिथेच चुकलो. आणि फुकट वकिलाबद्दल माझ्यासारखं नाक मुरडू नका, औद्योगिक कामगाराला ती मदत हक्काने मिळते, बायकांनाही मिळते, हेल्पलाइन १५१०० आहे.

एचआरच्या साहेबांना मी कलम ६० ची झेरॉक्स नेऊन दिली. त्यांनी वाचली, म्हणाले अरे हे आम्हालाच माहीत नव्हतं, आणि फाइलला लावून ठेवली. तारखेपर्यंत कपात थांबलीय. यार्ड भाड्याची पावती मात्र मी तीनदा लेखी मागितली, टोइंगची पण, अजून आलेली नाही.

आपला नियमित वाचक,
एक मशीन ऑपरेटर (आयकार्डावर सीनिअर असोसिएट),
सातपूर, नाशिक