सूचना : फाइल सर्व्हरवरील खाती आणि गट

सर्व सभासदांना नमस्कार.

कार्यालयातल्या फाइलझिला सर्व्हरवर (फाइल ठेवण्याच्या आणि घेण्याच्या सामायिक संगणकावर) यापुढे सगळ्यांनी मिळून एकच खाते वापरायचे नाही. फाइल कोणीही पुसली तरी लॉगमध्ये (सर्व्हरवर कोणी काय केले त्याच्या नोंदीत) नाव तेच दिसते, आणि पासवर्ड एकाकडून फुटला की सगळ्यांचाच बदलावा लागतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते मिळेल. परवानग्या मात्र गटाला असतील : ‘वाचक’ गटाला फाइल फक्त डाउनलोड करता येतील, ‘संपादक’ गटाला अपलोड करता आणि पुसताही येतील. गट बदलून हवा असल्यास व्यवस्थापकांना कळवा. एकेकट्यासाठी वेगळी सवलत कृपया मागू नका, ती पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सर्व्हरशी जोडताना टीएलएस (माहिती सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) निवडाच. साध्या एफटीपीत (फाइल पाठवण्याच्या, टीएलएस नसलेल्या पद्धतीत) पासवर्ड उघडा जातो, अगदी कार्यालयाच्या वायफायवरही. काम सोडणाऱ्यांचे खाते त्याच दिवशी बंद होईल.

– व्यवस्थापक