चौथ्या मजल्यावरच्या काकूंना, सगळ्यांदेखत

काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्हाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. साडी आणली तर घडीही न मोडता परत केलीत, वर म्हणालात, "खर्च कमी करायला शिकवलं त्याची फी साडी? मग शिकलीस काय?" साडी घेतली परत. आभार मात्र चारचौघांत मानतेय, म्हणजे ते परत करायची सोय राहणार नाही.

आमच्याकडे काय झालं ते डोंबिवलीत कुणापासून लपलं नव्हतंच. नवऱ्याच्या कंपनीने पगार निम्म्यावर आणला. पत्रात 'तात्पुरतं' असं लिहिलं होतं. किती तात्पुरतं ते लिहिलं नव्हतं. घराचा हप्ता, लेकीची शाळा, सासूबाईंची औषधं यातलं काहीच निम्म्यावर आलं नाही. आणि मग सल्ले सुरू झाले.

सल्ले देणाऱ्यांचंही एक तंत्र असतं, काकू. घरात शिरल्यावर नजर आधी एसीवर जाते, मग टीव्हीवर, मग फ्रिजवर ठेवलेल्या पिझ्झाच्या कूपनवर, आणि मग चहाचा पहिला घोट घेऊन सुरुवात होते, "तुमचं राहणीमान जरा..." पुढचं वाक्य कुणीच पूर्ण करत नाही. कामवाल्या मावशींना काढा. लेकीचं कथक बंद करा. दूध अर्धा लिटर कमी घ्या. दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून जमते त्या फडके रोडला आम्ही जुन्याच कपड्यांत दिसलो, तेव्हा एका वहिनींनी "बरं केलंत हो" म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो.

यातल्याच एका जवळच्या नातेवाइकांनी काही वर्षांपूर्वी पेढे घेऊन येऊन आम्हाला दोन विमा पॉलिसी दिल्या होत्या. 'बचतही आणि संरक्षणही.' पगार कापल्यानंतर त्यांचा एकच फोन आला, प्रीमियमची तारीख जवळ आली हे सांगायला. लेकीसाठी अभ्यासाचं ॲप विकणारा मुलगा आमच्या हॉलमध्ये दोन तास ठाण मांडून बसला होता. 'महिन्याला थोडे थोडे' म्हणत त्याने ज्यावर सह्या घेतल्या, ते माझ्या नवऱ्याच्या नावावरचं कर्ज होतं, हे आम्हाला दुसऱ्याच कुठल्या फायनान्स कंपनीच्या मेसेजवरून कळलं. बंद करायला फोन केला की पलीकडून अतिशय गोड आवाजात "तुमची अडचण आम्ही समजू शकतो" एवढंच. आणि बँकेतल्या आमच्या 'रिलेशनशिप'वाल्या साहेबांनी सगळं ऐकून घेऊन उपाय सुचवला: पर्सनल लोन.

तुम्ही आलात ते डाळीचं पीठ मागायला. पीठ हे निमित्त होतं हे मला आता कळतं, कारण तुमच्या घरी पीठ संपलंय असं मी इतक्या वर्षांत ऐकलं नाही.

टेबलावर बँकेच्या स्टेटमेंटचे छापलेले कागद पसरले होते. नवरा गॅलरीत पाठ करून उभा. मी कागद गोळा करायला लागले तर तुम्ही म्हणालात, "असू दे, बघू या." माझ्या पोटात गोळाच आला. आता ही बाईही सगळं वाचणार, आम्ही कुठे जेवलो, किती वेळा जेवलो, कुणाला किती पाठवले. तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयचं उलटलेलं पान ओढून काढलंत, त्याची लांबट घडी केलीत आणि कागदावर आडवी ठेवलीत. सगळं झाकलं गेलं. मग कागद फिरवून माझ्या बाजूला सरकवलात, खुर्ची जरा मागे घेतलीत, चष्मा काढून पदराला पुसायला घेतलात आणि म्हणालात, "मला नाही बघायचं. तू घडी एकेक ओळ खाली घे. जी सांगावीशी वाटेल ती सांग. बाकीच्या तुझ्या."

काकू, मला फक्त याच्यासाठी हे पत्र लिहायचं होतं. बाकीचं सगळं नंतर कुणाकडूनही कळलं असतं.

मी वाचत गेले. वीज, अमुक. दूध, तमुक. मधे एक ओळ मी सांगितली नाही. माहेरी दर महिन्याला जातात ते पैसे, ज्याबद्दल या घरात फारसं बोललं जात नाही. मी थांबले, घडी दोन ओळी खाली घेतली. तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही नेमकं तेव्हाच उठून माठातलं पाणी घेतलंत आणि सासूबाईंना हाक मारून गुडघा कसा आहे विचारलंत. परत येऊन बसलात आणि म्हणालात, "हं, पुढची?" एवढंच. तोवर गॅलरीतला माणूस आत येऊन खुर्चीवर बसला होता. पगाराचं पत्र आल्यापासून तो या विषयावर कुणासमोर बसला नव्हता.

नंतर एकदा मी विचारलं तेव्हा तुम्ही पोस्टातली गोष्ट सांगितलीत. तुमची सगळी नोकरी तिथल्या बचत खात्याच्या काउंटरवर झाली. धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, पेन्शनर, सगळे एका रांगेत. शिल्लक किती हे कुणी विचारलं तर तुम्ही आकडा कधी तोंडाने सांगत नसा. चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिडकीतून फिरवून द्यायचात. "मागे रांग असते गं. कुणाकडे चाळीस रुपये आहेत हे रांगेला कशाला कळायला हवं?" हा नियम पोस्टाने घातलेला नव्हता. तो तुमचा होता.

आता काय सापडलं ते थोडक्यात लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी टेबलावरही तसेच कागद पडलेले असतील.

क्रेडिट कार्डावर साठ हजार थकले होते आणि आम्ही दर महिन्याला 'किमान रक्कम' म्हणून तीन हजार नेमाने भरत होतो. तुम्ही पेन्सिलीने कालनिर्णयच्या त्याच घडीवर हिशेब मांडलात. महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तीन हजारांतले जवळजवळ अडीच हजार नुसते वाहून जात होते, मुद्दल जवळपास जागच्या जागी. आणि त्याच बँकेत आमची एफडी सात टक्क्यांनी सुखात झोपलेली. "एका हाताने सात घेताय, दुसऱ्या हाताने बेचाळीस देताय," तुम्ही म्हणालात. एफडी मोडणं म्हणजे घरातलं मंगळसूत्र मोडण्यासारखं मानतो आपण. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसला. कार्ड त्याच दुपारी कोरं झालं.

पॉलिसींचं तुम्ही आरडाओरडा न करता मिटवलंत. पुरेसे हप्ते भरून झाले असतील तर पुढचे बंद करून ती 'पेड-अप' ठेवता येते, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीला मिळते, हे पेढेवाल्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगतील कसे. त्या प्रीमियमच्या एका लहानशा तुकड्यात साधा टर्म विमा (बचत नाही, माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम) झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, ही बातमी तुम्ही पेपरातून कापून ठेवलेली होती. घराचं कर्ज २०१७ चं. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर उतरला, तरी आमचा व्याजदर त्या मानाने हललाच नव्हता, कारण रेपोसारख्या बाहेरच्या दराशी कर्ज जोडण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०१९ पासूनच्या कर्जांना. जुन्यांनी स्वतः जाऊन मागायचं असतं. मागितलं, थोडं शुल्क भरलं, मिळालं. बँकेतल्या त्याच साहेबांच्या टेबलावर. त्यांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

फोनवरच्या यूपीआय ऑटोपेची यादी लेकीने उघडून दाखवली. कोण कोण दर महिन्याला हात घालत होतं खिशात! कुणी पाहत नसलेली दोन ओटीटी, फोनमध्ये मावेनात म्हणून ऑनलाइन साठवलेल्या फोटोंचं भाडं, पहिला महिना फुकट म्हणून आलेलं कसलं तरी ध्यानधारणेचं ॲप. मनःशांतीसाठी दरमहा १९९.

विजेत तुमचा हिशेब मला सगळ्यात आवडला. सगळे पंखे बदला म्हणाला नाहीत. "जो सगळ्यात जास्त फिरतो तो बदल." हॉलमधला जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी तिशीच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. आणि आमचं बिल नेमकं तीनशे युनिटांच्या जरा वर रेंगाळायचं, जिथून पुढच्या युनिटांना महावितरणचा चढा दर लागतो. म्हणजे गेली ती महागाची युनिटं गेली.

सासूबाईंच्या गोळ्यांवर मात्र लढाई झाली. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी म्हणजे अर्धी गोळी, असं त्यांचं ठाम मत. तुम्ही वाद घातला नाहीत. स्वतःच्या बटव्यातली पाकिटं काढलीत, दोघींच्या पाकिटांवरचं 'टेल्मिसार्टन' हे औषधाचं मूळ नाव बोटाने जुळवून दाखवलंत आणि म्हणालात, "मी चार वर्षं हीच घेतेय. वहिनी, मी अर्धी दिसतेय का?" डॉक्टरांनाही विचारलं, ते हो म्हणाले, पण सासूबाईंचा होकार तुमच्या बटव्यावरच होता. औषधांचा खर्च निम्म्याच्याही खाली आला.

आणि जे तुम्ही कापू दिलं नाहीत त्याचे वेगळे आभार. कामवाल्या मावशींचा विषय मीच काढला, सगळे सांगत होते म्हणून. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "तू नोकरीला जातेस, म्हातारं माणूस घरात आहे. आणि तिच्या घरातही कुणीतरी असाच कागद घेऊन बसलेलं असेल." विषय संपला. कथकचं तर तुम्ही लेकीला हाक मारून विचारलंत, तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, दाखव. खाली राहणाऱ्यांनी झाडूने छत ठोकलं इतका जोरात दाखवला तिने. तिच्या बाईंना आमचं कळल्यावर त्या म्हणाल्या, फी जमेल तेव्हा द्या, पण मुलीला हे कळू देऊ नका. मी मुद्दाम लिहितेय, कारण लेकीला आता कळलेलं चालेल.

अशी माणसं असतात, काकू, आणि ती बहुतेक वेळा अजिबात गाजत नाहीत. आमचे वाणी शेठ: महिन्याच्या यादीतून मी काजू, चीज, तयार पराठे खोडायला लागले, तेव्हा त्यांनी एकदाही "का हो वहिनी?" विचारलं नाही. उलट पोराला हाक मारली, "वहिनींची तूरडाळ सुटी दे, पाकिटातली नको," आणि बिल घडी घालून दिलं. शाळेच्या खिडकीतल्या बाई: फी दोन भागांत भरते म्हटल्यावर अर्ज पुढे सरकवताना त्यांनी मागच्या पालकांना सांगितलं, "जरा थांबा, यांच्या एका कागदाचं काम आहे." फीचं नाव काढलं नाही. मदत तर आमच्या त्या वहिनींनीही केली असती, मागितली असती तर. पण त्यांच्याकडे मागायला गेलं की आपण आधी लहान व्हायचं, मग मदत. या माणसांनी लहान न करता दिली. यासाठी पैसे लागत नाहीत, शिक्षणही लागत नाही, आणि तरी ते इतकं कमी का आढळतं हे मला खरंच कळत नाही.

पगार अजून पूर्ण झालेला नाही. पण महिनाअखेरीला आता उसनवारी नाही, आणि तुमच्या जुन्या पोस्टात आरडी उघडलीय. शंभर रुपयांपासून चालते म्हणालात, तेवढ्यावरच सुरू करावी लागली नाही एवढं सांगते. आकडा चिठ्ठीवर लिहून देईन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. आपल्याच जिन्यातल्या एका घरी हल्ली अशीच ओढाताण चाललीय. कुणाच्या ते इथे लिहीत नाही. मी त्यांना तुमचं नाव सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही त्यांचं, त्यांना विचारल्याशिवाय, सांगणार नाही. त्या हो म्हणाल्या तर तुम्ही जाल का? आणि या वेळी डाळीचं पीठ मागू नका. त्यांच्याकडे खरंच नसेल तर पंचाईत व्हायची. कढीपत्ता मागा.